चित्रं काढणारी लेक

आमच्या डोणगावच्या बचत गटात एका ताईंनी विचारलं, "पोरगी चित्रं छान काढते, पण त्यानं पोट भरेल का?" आम्ही म्हटलं, आधी वाट तर समजून घ्या. शाळेत असतानाच तिला एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना बसवा. कोणत्याही शाखेतून बारावी झाली, की सीईटी देऊन चार वर्षांची बीएफए पदवी घेता येते. त्यासाठी मुंबईच गाठायला नको. शासकीय कला महाविद्यालयं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. पुढे जाहिरात, पुस्तकांची चित्रं, कापडावरची नक्षी अशी कामं असतात. रंगांचा, राहण्याचा खर्च येतोच, म्हणून बचत आत्तापासून करा. लेकीच्या लग्नाला कर्ज देताना गट मागंपुढं पाहत नाही. शिक्षणालाही पाहू नये.