शुष्क उन्हाळ्याचे प्रदेश

ज्या प्रदेशांत पाऊस मुख्यत्वे हिवाळ्यात पडतो व उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, असे प्रदेश. भूमध्य समुद्राचा किनारा, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा नैर्ऋत्य भाग व ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य आणि दक्षिण किनारी भाग यांत ते मोडतात. उन्हाळ्यात जास्त दाबाचा पट्टा त्यांवर सरकल्याने पाऊस थांबतो. हिवाळ्यात पश्चिमी वारे आवर्तांसह तो आणतात. येथील वनस्पतींची पाने जाड व चिवट, मुळे खोल असतात. सखल भागांत गहू, उतारांवर ऑलिव्ह व द्राक्षे, डोंगरांवर शेळ्यामेंढ्या, अशी भूमिवापराची जुनी वाटणी आहे.

महाराष्ट्रात असे जलवायुमान नाही. तथापि द्राक्ष हे तेथील पीक नाशिक जिल्ह्यात स्थिरावले आहे. येथील ऋतुक्रम मात्र उलटा आहे. सह्याद्रीवरील इगतपुरीस वर्षाला सु. ३०० सेंमी. पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतील निफाड, सिन्नर, येवले भागांत तो सु. ५०–६० सेंमी. असून बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. भूमध्य प्रदेशात थंडीने पाने गळून वेल विसावते. येथे तशी थंडी नसल्याने एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. त्यामुळे घड कोरड्या हिवाळ्यात वाढतात. लांबलेल्या पावसाने केवडा रोग पसरतो, तर अवकाळी पाऊस व गारपीट तयार घड नासवतात. शिवाय पुढील हंगामाचे घड खरड छाटणीनंतर, ऐन उन्हाळ्यात, काडीतील डोळ्यांत ठरतात. विहिरींनी तळ गाठलेला असतो तेव्हाच वेलीस पाणी द्यावे लागते. म्हणून येथील द्राक्षशेतीचा विस्तार जमिनीपेक्षा साठविलेल्या पाण्यावर अवलंबून आहे.