नव्या रूपाची प्रतीक्षा : सात आसनांची मोटार आणि कुटुंबाचा निर्णय

आजी-आजोबांसह तीर्थयात्रेला जाणे असो, लग्नकार्यासाठी सर्वांनी एकत्र निघणे असो किंवा सुट्टीत गावी जाऊन परतताना धान्य आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन येणे असो, पाच आसनांची मोटार अशा प्रसंगी अपुरी पडते. म्हणूनच आटोपशीर आकाराची, शहरातील वाहनतळावर सहज मावणारी, परंतु आसनांच्या तीन रांगा असलेली मोटार भारतीय कुटुंबांना आपलीशी वाटली. अशा मोटारीचा नवा अवतार येणार असल्याची चर्चा सुरू झाली, की अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता घ्यावी, की थांबावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ‘नवे रूप’ म्हणजे काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. मोटार उद्योगात बदल दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात पुढची जाळी, दिवे, बंपर, चाकांची नक्षी आणि आतील कापड बदलते; सांगाडा तोच राहतो. याला फेसलिफ्ट म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पायाभूत सांगाडाच नवा येतो आणि त्यासोबत वजन, अंतर्गत जागा व अपघातातील वर्तनही बदलू शकते. ही नवी पिढी होय. जाहिरातीत दोन्ही बदल ‘सर्वस्वी नवे’ या एकाच शब्दांत येऊ शकतात. ग्राहकाने मात्र त्यांतील भेद ओळखला पाहिजे.

मारुती सुझुकीच्या अर्टिगाचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. ही मोटार एप्रिल २०१२ मध्ये भारतात आली. २०१५ मध्ये तिचा चेहरामोहरा बदलला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिची दुसरी पिढी आली. पहिल्या पिढीची लांबी ४,२६५ मिलिमीटर होती, ती दुसऱ्या पिढीत ४,३९५ झाली. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर मात्र २,७४० मिलिमीटर इतकेच राहिले. वाढीव लांबीचा लाभ प्रामुख्याने मागच्या भागाला मिळाला. तिसरी रांग वापरात असताना डिकीत पूर्वी १३५ लिटर जागा मिळत असे, ती २०९ लिटर झाली. सात माणसे बसल्यावर पिशव्या मांडीवर घेऊन प्रवास केलेल्या कुटुंबालाच या आकड्याचे मोल कळेल.

पुढील बदल बाहेरून फारसे जाणवणारे नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये नवे इंजिन आले आणि स्वयंचलित गिअरच्या मोटारीत चार टप्प्यांऐवजी सहा टप्पे आले. २०२५ मध्ये सर्व प्रकारांत सहा एअरबॅग देण्यात आल्या. दुसऱ्या पिढीची मूळ रचना मात्र सात वर्षांनंतर, २०२५ मध्येही, तीच होती. पहिल्या दोन पिढ्यांमध्ये सुमारे साडेसहा वर्षांचे अंतर होते, हे लक्षात घेता तिसऱ्या पिढीविषयीचे कुतूहल स्वाभाविकच म्हणावे लागेल.

या प्रतीक्षेमागे सुरक्षिततेचे कारण सर्वांत सबळ आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत २०१९ मध्ये अर्टिगाला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तीन तारे मिळाले होते. चाचणीचे निकष पुढे अधिक कठोर झाले आणि २०२४ मध्ये त्याच पिढीच्या मोटारीला एकच तारा मिळाला. मोटार तीच होती; मोजपट्टी बदलली होती. भारत सरकारची भारत एनकॅप ही चाचणी योजनाही ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. एअरबॅगची संख्या जुन्या सांगाड्यातही वाढवता येते. परंतु धडक सोसणारी मूळ चौकट भक्कम करण्याची पुरेशी मोकळीक अभियंत्यांना नव्या रचनेतच मिळते. म्हणून नव्या पिढीच्या बातम्या वाचताना पडद्याचा आकार आणि छतावरील काच यांपेक्षा चाचणीच्या निकालाकडे प्रथम लक्ष द्यावे.

मोटारीचा आकार ठरविण्यात करांचाही मोठा वाटा असतो. रेनॉ ट्रायबर २०१९ मध्ये सात आसनांसह आली, तेव्हा तिची लांबी ३,९९० मिलिमीटर ठेवण्यात आली होती. चार मीटरच्या मर्यादेत राहून लहान मोटारींसाठीच्या कमी कराचा लाभ घेण्याचे हे गणित होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंत इंजिनाच्या पेट्रोल मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यामुळे एखाद्या मोटारीचे नवे रूप या मर्यादेच्या अलीकडे राहते की पलीकडे जाते, यावर तिची किंमत मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

प्रतीक्षा दरवेळी अपेक्षेप्रमाणे सफल होतेच असे नाही. टोयोटाने चांगली खपणारी क्वालिस मागे घेऊन २००५ मध्ये इनोव्हा आणली, तेव्हा ग्राहकांना खरोखरच नवी मोटार मिळाली. २०२२ मध्ये इनोव्हा हायक्रॉस आली, ती डिझेल इंजिनाविना; डिझेलवरील इनोव्हा क्रिस्टा त्यानंतर स्वतंत्रपणे विकली जाऊ लागली. किआने २०२५ मध्ये कॅरेन्सचे नवे रूप ‘क्लॅव्हिस’ या जोडनावाने आणले आणि मूळ कॅरेन्सची विक्रीही सुरू ठेवली. याउलट २०१४ मध्ये आलेली होंडाची मोबिलिओ तीनच वर्षांत भारतीय बाजारातून गेली. तिच्या पुढच्या पिढीची वाट पाहणाऱ्यांची निराशा झाली.

आता आर्थिक बाजूचा विचार करू. नवे रूप येण्यापूर्वी विक्रेते जुन्या साठ्यावर सवलत देतात आणि ती आकर्षक वाटते. परंतु मोटारीच्या विम्यातील घोषित मूल्य सहा महिन्यांनंतर १५ टक्के, एका वर्षानंतर २० टक्के आणि दोन वर्षांनंतर ३० टक्के घसारा धरून ठरते. उत्पादन बंद झालेल्या मोटारीच्या बाबतीत तर हे मूल्य विमा कंपनी व ग्राहक यांच्या परस्पर संमतीने ठरविले जाते. नवी पिढी आल्यावर जुनीची पुनर्विक्री किंमत सहसा अधिक वेगाने उतरते. म्हणून तीन-चार वर्षांत मोटार बदलण्याची सवय असलेल्यांनी सवलतीच्या मोहात पडण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. आठ-दहा वर्षे एकच मोटार वापरणाऱ्या कुटुंबाला मात्र घसघशीत सवलत खरोखरच लाभदायक ठरू शकते. मोटारीच्या कागदपत्रांवर उत्पादनाचा महिना व वर्ष नोंदलेले असते. पैसे भरण्यापूर्वी ते अवश्य पाहावे.

थांबण्याचा निर्णय घेतल्यास तो काळ वाया जाऊ देऊ नये. उदाहरणार्थ, ९ टक्के व्याजाने ८ लाख रुपयांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये होतो. तेच कर्ज सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १२,९०० रुपयांवर येतो. परंतु एकूण व्याज जवळजवळ ८५,००० रुपयांनी वाढते. प्रतीक्षेच्या वर्षभरात हप्त्याएवढी रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत जमा केली, तर दोन गोष्टी साध्य होतात. स्वतःकडील रक्कम वाढते व कर्जाची गरज घटते. शिवाय एवढा हप्ता घरखर्चाला झेपतो की नाही, याची प्रत्यक्ष परीक्षाही होते.

मोटार प्रत्यक्ष पाहावयास जाताना तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या व्यक्तीला सोबत न्यावे. आजोबांचा गुडघा मधल्या आसनामागून सहज आत जातो का, त्या रांगेपर्यंत थंड हवा पोहोचते का, तेथे डोक्याला आधार आणि योग्य पट्टा आहे का, हे विक्रेत्याच्या वर्णनावरून ठरत नाही. सीएनजीवरील मोटार घ्यायची असल्यास टाकी डिकीतील किती जागा व्यापते, तेही पाहावे. सर्व आसने भरलेली असताना चढावर मोटार कशी चालते, याची चाचणी घेणे शक्य असल्यास घ्यावी.

ज्या घरात मोटारीची निकड आजच आहे, आजारी व्यक्तीला वरचेवर रुग्णालयात न्यावे लागते किंवा जुने वाहन धोकादायक झाले आहे, त्यांनी अनिश्चित तारखेसाठी ताटकळत राहू नये. उपलब्ध मोटारींतील सुरक्षित मोटार निवडावी. ज्यांचे सध्याचे वाहन व्यवस्थित चालते, त्यांनी मात्र नव्या रचनेचे चाचणीनिकाल जाहीर होईपर्यंत अवश्य थांबावे. मोटारीचे रूप दर सहा-सात वर्षांनी बदलत राहील. परंतु तिच्यातून प्रवास करणारी माणसे तीच असतील. त्यांची सोय, त्यांची सुरक्षितता आणि घराची आर्थिक घडी या तिन्हींचा मेळ जेथे बसेल, तोच खरेदीचा योग्य मुहूर्त होय.