सोशल नेटवर्किंग संकेतस्थळे आणि व्यक्तिगत माहितीची गोपनीयता : संमती कोणाची?

प्रस्तावना

सोशल नेटवर्किंग संकेतस्थळांवर व्यक्ती आपले नाव, छायाचित्रे, आवडीनिवडी आणि नातेसंबंध स्वेच्छेने नोंदविते. म्हणून गोपनीयता राखण्याची जबाबदारी सर्वस्वी वापरकर्त्याचीच आहे, असा समज रूढ झाला आहे. हा समज अपुरा आहे, कारण या माध्यमात एकाने दिलेली माहिती अनेकदा दुसऱ्याविषयीचीही असते. प्रस्तुत लेखात एका गाजलेल्या प्रकरणाच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप आणि भारतीय कायद्याने दिलेले संरक्षण यांचा विचार केला आहे.

गोपनीयतेची संकल्पना

१८९० मध्ये सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकन विधिज्ञांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खासगीपणाच्या हक्काची मांडणी केली. त्या काळी झटपट छायाचित्रण आणि वृत्तपत्रे यांचा खासगी जीवनात शिरकाव होऊ लागला होता. त्यांच्यासमोर घरात डोकावणारा परका होता. सोशल नेटवर्किंगमध्ये मात्र माहिती बाहेर नेणारी व्यक्ती पुष्कळदा परिचितच असते आणि आपण असे काही करीत आहोत याची तिला कल्पनाही नसते.

केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण

२०१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधक अलेक्सांदर कोगन यांनी फेसबुकवर व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक ॲप तयार केले. सुमारे २ लाख ७० हजार व्यक्तींनी ते घेतले. फेसबुकच्या तत्कालीन रचनेनुसार एखाद्याने ॲपला परवानगी दिली की त्याच्या मित्रयादीतील व्यक्तींचीही काही माहिती त्या ॲपला मिळू शकत असे. ही माहिती पुढे केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार संस्थेकडे गेली. मार्च २०१८ मध्ये प्रकरण उघडकीस आल्यावर, जगभरातील ८ कोटी ७० लाखांपर्यंत वापरकर्त्यांची माहिती अशा रीतीने गेली असावी, असे फेसबुकने सांगितले.

भारतापुरते आकडे अधिक बोलके आहेत. येथे ॲप घेणाऱ्या व्यक्ती केवळ ३३५ होत्या; परंतु त्यांच्या मैत्रीमुळे आणखी ५,६२,१२० जणांच्या माहितीला बाधा पोहोचल्याची शक्यता फेसबुकने वर्तविली. म्हणजे एका व्यक्तीच्या परवानगीमागे सरासरी सुमारे १,६७८ व्यक्ती आल्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. मित्रांची माहिती मिळविण्याची ही सोय फेसबुकने २०१५ मध्ये बंद केली, तर २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला ५ अब्ज डॉलरचा दंड केला. तथापि, एकदा बाहेर गेलेली माहिती दंडाने परत येत नाही.

भारतीय कायद्यातील संरक्षण

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करावयाची आहे. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. अठरा वर्षांखालील वापरकर्त्यांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे.

कायद्याच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. तसेच एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहितीचा केलेला वापरही त्यात येत नाही. म्हणजे कंपनीला जाब विचारता येईल. पण स्नेह्याने कौतुकाने पाठविलेल्या छायाचित्राच्या बाबतीत या कायद्याचा आधार मिळेलच असे नाही.

समारोप

यावरून असे दिसते की, या माध्यमात गोपनीयता ही सामायिक ठेव आहे. आपल्या खात्याशी जोडलेली ॲप वेळोवेळी तपासणे, नको असलेल्यांची परवानगी काढून घेणे आणि संपर्कयादी देण्यापूर्वी तिची खरोखर गरज आहे का हे पाहणे, हे आपल्या हाती आहे. दुसऱ्याचे, विशेषतः लहान मुलांचे, छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधितांना विचारण्याची रीत घराघरांत आणि महाविद्यालयांत रुजली पाहिजे. कायदा कंपनीकडे संमतीचा पुरावा मागू शकतो. मित्राला विचारण्याचे कर्तव्य मात्र मित्रानेच पाळावयाचे असते.