उष्णतेचा पीळ

कला शाखेच्या विद्यार्थ्याने प्रकाशावर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण निमित्त आमच्या घरातलेच आहे. आजोबा येथे सोलापुरात एका गिरणीच्या कताई खात्यात होते. गिरणी केव्हाच बंद पडली. तरी धागा चिमटीत उलगडून तो उजव्या पिळाचा की डाव्या, हे ते आजही क्षणात सांगतात.

प्रकाशालाही पीळ असतो. पुढे जाताना त्याच्या कंपनाची दिशा मळसूत्रासारखी फिरत गेली, तर त्यास वर्तुळ-ध्रुवित प्रकाश म्हणतात. तोही उजवा किंवा डावा असतो. तापलेल्या वस्तूच्या अवरक्त प्रकाशात मात्र सहसा असा एक पीळ नसतो. कडक भाकरीचा तवाच घ्या ना. त्यातील असंख्य कण आपापल्या तंद्रीत थरथरतात. डावे-उजवे सारखेच बाहेर पडते. एकच पीळ हवा असेल तर पुढे गाळण्या लावाव्या लागतात, आणि निदान निम्मा प्रकाश वाया जातो.

मग वस्तूच पिळाची घेतली तर? जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली पिळलेल्या तागातून विद्युत्-लहरी सोडल्या, तेव्हा त्यांच्या कंपनाची पातळी फिरलेली आढळली. २०२४ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचे पिळलेले सूत तापवून त्यातून पिळाचाच प्रकाश मिळविला.

पण सपाट पृष्ठभागाला पीळ कसा द्यावयाचा? उत्तर आकारात आहे. चौकोनाचे आरशातील प्रतिबिंब चौकोनावर तंतोतंत बसते. इंग्रजी ‘एफ’चे मात्र, कागदावर कितीही सरकवा वा फिरवा, बसत नाही. असे आकार धातूच्या पातळ थरात ओळीने कोरावयाचे. साधारण तापमानाच्या वस्तूचा अवरक्त प्रकाश दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत प्रखर असतो, म्हणून आकारही मायक्रॉनच्या मापाचे आणि त्यांची जाडी त्याहून पुष्कळ कमी. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली अशाच, आरशाशी न जुळणाऱ्या रचनेतून पिळाचे उष्ण प्रारण मिळाल्याचे प्रसिद्ध केले.

गंमत अशी, की आराखडा ठरविताना काहीच तापवावे लागत नाही. किर्खोफच्या १८५९ च्या नियमानुसार जी वस्तू जो प्रकाश चांगला शोषते, तोच ती तापल्यावर चांगला बाहेर टाकते. तेव्हा डावा प्रकाश किती शोषला जातो व उजवा किती, याचे गणित संगणकावर मांडावयाचे, आणि दोहोंतील फरक वाढेपर्यंत मापे बदलत राहावयाचे. खरी मेहनत येथे आहे. नुसता वाकडा आकार काढून भागत नाही.

आजोबांना मी ‘एफ’ काढून दाखविला. कागद उजेडासमोर उलटा धरून ते म्हणाले, “धागा कुठूनबी बघ, पीळ तोच. हे तर मागनं बघितलं की डावखुरं होतंय.”

मी गप्पच झालो. संशोधकांच्या आकृतीत त्या आकारांखाली धातूचा अखंड थर कशासाठी दाखवितात, हे मला तेव्हा उमगले. मागच्या बाजूने प्रकाश बाहेर पडूच द्यावयाचा नसतो.