माळ्यावरची मोटार

मोटार रस्त्यावर असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण काही घरांत ती माळ्यावरही असते. अख्खी नव्हे, सुटीसुटी. खाटेखाली क्लच प्लेट, कपाटामागे ब्रेकचे शू, बिस्किटांच्या जुन्या डब्यात प्लग आणि पॉइंट. ज्याचे पोट मोटारीवर आहे, त्याच्या घरी असे सामान जमतेच. ते का जमते, त्यातले काय जपावे आणि काय घराबाहेर काढावे, हे या पाठात पाहू.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचेच उदाहरण घ्या. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट ही गाडी टॅक्सी म्हणून धावू लागली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती तयार होई. १९७४ साली तिचे नाव पद्मिनी झाले. तरी पुष्कळ लोक तिला फियाटच म्हणत. २००० सालच्या सुमारास कारखान्यातून ही गाडी निघणे बंद झाले. गाडी बंद झाली की मागोमाग तिचे भागही दुर्मिळ होतात. रस्त्यावर तर हजारो टॅक्सी धावत होत्या. मग चोरबाजारात, भंगारात, गॅरेजवाल्याकडे, जिथे भाग दिसेल तिथून माणसे तो उचलू लागली. आज लागत नाही, पण उद्या मिळायचा नाही! यात लोभ नव्हता. गाडी दोन दिवस उभी राहिली तर दोन दिवस चूल कशी पेटायची, याचा तो हिशेब होता.

पुढे मुंबईत टॅक्सीचे वय २० वर्षे ठरले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. तिची २० वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी बंद झाली. गाडी गेली, पण माळा भरलेलाच राहिला. अशी घरे आजही आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, आणि डोक्यावर मणभर लोखंड! मुंबईत जागेचे भाडे त्या लोखंडालाही पडते. ते आपण मोजत नाही एवढेच.

आता मुख्य गोष्ट. भाग ठेवला म्हणजे तो टिकला, असे नाही. नवा कोरा, कागदात गुंडाळलेला भागसुद्धा आतून मरतो. सर्वांत आधी मरते रबर. ऑइल सील, ब्रेकचे वॉशर, होज पाइप, फॅन बेल्ट हे सारे रबराचे. ऊन, उष्णता आणि हवा यांनी रबर कडक होते. ते बोटांनी वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या, चिकट लागले किंवा वाकलेच नाही, तर ते टाकून द्या. ब्रेकचा वॉशर कडक असला तर तेल झिरपते, आणि ऐन उतारावर पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. पाच-पंचवीस रुपयांच्या वॉशरपायी एवढा धोका कोण घेईल? रबर ठेवायचेच तर अंधारात, थंड जागी, सपाट ठेवावे. बेल्ट खिळ्याला टांगू नये, त्याला तिथे मोड पडते. ब्रेकचे रबर रॉकेलने किंवा इंजिन ऑइलने पुसू नये, ते फुगते.

ब्रेक ऑइलचे असेच आहे. नाव ऑइल असले तरी ते हवेतले पाणी पिते. डबा एकदा फोडला की पाणी शिरू लागते. ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि ब्रेकचा जोर त्यातच जातो. म्हणून फोडलेला अर्धा डबा "पुढे कामाला येईल" म्हणून ठेवू नये. येथे काटकसर महागात पडते.

लोखंडाचा शत्रू गंज. आपल्याकडचे चार महिने पावसाचे, त्यात भिंतीही ओल्या होतात. बेअरिंग, व्हॉल्व, गिअर यांना ग्रीस चोपडून, तेलकट कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवावे. बेअरिंग मूळच्या वेष्टनातून उगाच काढू नये. क्लच प्लेटला मात्र ग्रीस लागू देऊ नका, ती घसरते. हे काम घरातल्या पोराला सांगताना दोनदा सांगावे. पोरे हौसेने सगळ्यालाच ग्रीस फासतात!

काही वस्तू घरात नकोतच. पहिली जुनी बॅटरी. तिच्यात तेजाब आणि शिसे असते. शिसे मुलांना विषासारखे आहे. शिवाय पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि निकामी होते. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्यावी. दुसरी वस्तू पेट्रोलचा डबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते आणि शेगडीपर्यंत पोचते. तिसरी म्हणजे उघड्यावरचे टायर. त्यात पाणी साचते आणि डेंग्यूचा डास तिथे अंडी घालतो. टायर वाळला तरी अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात, आणि पुढच्या पाण्याला फुटतात. टायरचे वयही पाहावे. त्याच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे झालेले असते.

उरलेल्या सामानाची यादी करा. आम्ही शाळेत हजेरीपट ठेवत असू. त्याचा खरा उपयोग कोण आले ते पाहण्यापेक्षा कोण आले नाही ते कळायला होई. तसाच पट भागांचा ठेवा. भागाचे नाव, कोणत्या गाडीचा, नवा की वापरलेला, कुठल्या डब्यात, हे सारे वहीत लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. डब्यालाही चिठ्ठी बांधा. घरधनी नसताना बायकोला वा मुलाला ती वाचता आली पाहिजे. नाहीतर हजाराचा कार्बोरेटर भंगारवाला किलोच्या भावाने नेतो. असे होताना आम्ही पाहिले आहे.

पद्मिनी टॅक्सी गेल्या, पण घरगुती पद्मिनी गाड्या अजून आहेत. आरटीओत तपासणी करून त्यांची नोंदणी वाढवता येते. ५० वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमाने 'विंटेज' म्हणून नोंदता येते. अशा गाडीच्या मालकांना भाग हवे असतात. तेव्हा काही विकायचे तर आधी दोन गॅरेजवाल्यांकडे यादी दाखवा आणि भाव काढा. भंगारवाल्याला शेवटी बोलवा. जुने ब्रेक-लायनर निघाले तर ते कानशीने घासू नका, फुंकर मारून झाडू नका. पूर्वीच्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ छातीत बसली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि तेच फडके पिशवीत बांधून टाका.