टपालाचा डाव आणि यंत्राचे क्षितिज

चौसष्ट घरे : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण १९९७ च्या न्यूयॉर्कमधल्या सामन्यापाशी थांबलो. डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असे हरवले आणि माणसाचा खेळ आटोपला, असा सार्वत्रिक समज झाला. पण हा निकाल घड्याळ लावून खेळलेल्या बुद्धिबळाचा होता. एका खेळीला दोन-तीन दिवस मिळतात त्या टपाली बुद्धिबळात माणूस त्यानंतरही तग धरून राहिला.

ही रीत आपल्या देशात जुनी आहे. १८२८ साली मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने डाव सुरू झाले. मद्रासच्या बाजूने गुलाम कासिम हा नाणावलेला खेळाडू होता. पुढे पोस्टकार्ड आले आणि खेळ साध्या माणसाच्या आवाक्यात आला. परदेशी प्रतिस्पर्ध्याशी भाषेची अडचण नको म्हणून घरांना आकडे दिले गेले : राजापुढचे पांढरे प्यादे दोन घरे सरकवायचे तर कार्डावर फक्त ५२५४ लिहायचे. दहा खेळ्यांना तीस दिवस, कार्डाच्या प्रवासाचे दिवस वेगळे. एकेक डाव वर्षानुवर्षे चाले.

या खेळाचा पाचवा जगज्जेता हान्स बर्लिनर. १९६५ ते ६८ या काळात झालेल्या अंतिम फेरीत त्याने सोळा डावांत चौदा गुण मिळवले, एकही डाव न हरता. हाच माणूस पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकाला बुद्धिबळ शिकवू लागला आणि यंत्राची सर्वांत मोठी खोट त्यानेच नेमकी पकडली. तिला त्याने ‘क्षितिज परिणाम’ म्हटले.

ही खोट नीट समजून घेऊ. समजा, यंत्र दहा खेळ्यांपर्यंतच पाहू शकते. त्याचा घोडा कोंडला गेला आहे आणि दहाव्या खेळीला तो मरणार. मध्येच एक प्यादे बळी देऊन शह दिला, तर घोड्याचे मरण अकराव्या खेळीवर जाते, म्हणजे यंत्राच्या नजरेपलीकडे. यंत्राच्या हिशेबी घोडा वाचला! थोड्या वेळाने संकट पुन्हा दिसू लागते, मग आणखी एक प्यादे बळी. शेवटी प्यादीही जातात आणि घोडाही. माणूस असे मोजत बसत नाही. घोडा सुटणार नाही हे त्याला पटाच्या रचनेवरूनच उमगते, आणि टपालाच्या डावात ही खात्री तपासायला त्याच्याकडे दिवसच्या दिवस असतात.

यंत्राच्या चुकीचा दुसरा नमुना प्रत्येक खेळाडूने पाठ करावा असा. पांढऱ्याकडे काळ्या घरांतला उंट आणि डाव्या कडेचे प्यादे, समोर एकटा काळा राजा. उंट आणि प्यादे मिळून चार प्याद्यांएवढी आघाडी, म्हणून जुनी यंत्रे खुशाल या शेवटाकडे वळत. पण प्याद्याचा वजीर व्हायचे कोपऱ्यातले घर पांढरे आहे. काळा राजा तिथे जाऊन बसला की हा उंट त्याला कधीच हुसकावू शकत नाही. डाव बरोबरीत!

जून २००५ मध्ये लंडनला हायड्रा या महायंत्राने मायकेल अॅडम्सला साडेपाच-अर्धा असे चिरडले. त्याच सुमारास जर्मनीचा टपाली ग्रँडमास्टर आर्नो निकेल ई-मेलने त्याच हायड्राशी खेळत होता. त्याने दोन्ही डाव जिंकले, नंतरचा तिसरा बरोबरीत सोडवला. निकेलला स्वतःचे संगणक वापरायची मुभा होती, हे सांगायलाच हवे. पण त्यामुळे मला त्याचे यश कमी वाटत नाही. यंत्राचा सल्ला कुठे झिडकारायचा हे ठरवणारा तोच होता.

आता यंत्राच्या नजरेतली ती फट जवळपास बुजली आहे. आंतरराष्ट्रीय टपाली महासंघाच्या स्पर्धांत संगणक उघडपणे वापरता येतो, कार्डांची जागा सर्व्हरने घेतली आहे, आणि वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. २०२२ साली अमेरिकेचा जॉन एडवर्ड्स बत्तिसावा जगज्जेता झाला, तेव्हाही एकेका विजयासाठी खेळाडूंना फार झगडावे लागले.

तरीही मुंबईत बोरिवली-चर्चगेट किंवा मुलुंड-सीएसएमटी असा रोजचा लोकलचा प्रवास करणाऱ्यांना मी हा खेळ आग्रहाने सुचवीन. लिचेस किंवा चेस डॉट कॉम या संकेतस्थळांवर तीन दिवसांना एक खेळी असा डाव लावा. तिथे सुरुवातीच्या खेळ्यांची पुस्तके पाहायला परवानगी आहे, इंजिनची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीची, मदत घ्यायला सक्त मनाई. ती मनाई मनापासून पाळा. विद्याविहार ते ठाणे एवढ्या वेळात एका स्थितीचा चांगला विचार होतो. खेळी पाठवण्याआधी ती का खेळतो आहोत हे वहीत दोन ओळींत लिहा. डाव संपल्यावर इंजिन सुरू करून त्या ओळी एकेक करून तपासा. आपला विचार नेमका कुठे तोकडा पडला ते कळेल.

पुढच्या आठवड्यात : सातपर्यंत सोंगट्यांच्या सगळ्या स्थिती आधीच सोडवून ठेवणारी कोष्टके कशी तयार होतात.