मुशीच्या टाकीचा जमाखर्च

मुशी म्हणजे शार्क. कोकणात तिला मोरीही म्हणतात. तिचे नाव काढताच माणसावर झडप घालणारा अजस्र मासा डोळ्यांपुढे येतो. परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तळाशी राहणारी एक लहान, निरुपद्रवी जातही सापडते. तिला राखी बांबू शार्क म्हणतात. पुष्कळ मोठ्या मुशींना श्वासासाठी सतत पोहावे लागते. ही मात्र तळाशी पडूनच तोंडाने पाणी ओढते आणि कल्ल्यांवाटे सोडते. दिवसा ती कपारीत निजते, रात्री कोळंबी-खेकडे शोधते. म्हणूनच काही शौकीन तिला घरच्या टाकीत पाळतात.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तेव्हा हिशेब मांडून पाहिला. अंड्यातून निघालेले पिल्लू वीतभरही नसते, पण पुढे ते पाऊण मीटरपर्यंत वाढते. त्यासाठी २ मीटर लांब, १ मीटर रुंद टाकीत ६० सेंटिमीटर पाणी धरले, तर ते १२०० लिटर होते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ४२ किलो क्षार हवेत. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी घटकही लागतात.

हा झाला भांडवली खर्च. खरी गोम महसुली खर्चात आहे. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून विषारी अमोनिया तयार होतो. गाळणीतले जिवाणू त्याचे रूपांतर कमी घातक नायट्रेटमध्ये करतात, पण ते स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. नायट्रेट साठू नये म्हणून आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले, तरी वर्षाला सुमारे २१८ किलो क्षार लागतील! शिवाय पंप अहोरात्र चालला पाहिजे. वीज गेली की प्राणवायू घटू लागतो. इतर माशांना देतात ते तांबेयुक्त औषधही मुशीला घातक ठरते.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, ते समुद्रासमोर. आमचे उचगाव वेंगुर्ले रस्त्यालगत असले, तरी समुद्र घाटाखाली राहिला.

यंत्राची किंमत घसारा काढून शून्यावर आणता येते. जिवंत प्राण्याचे तसे नाही. नीट सांभाळलेली मुशी अनेक वर्षे जगते. तेवढ्या काळात आपले शिक्षण संपेल, नोकरीचे गाव बदलेल. मग तिचे पाणी कोण बदलणार? मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर हाती नसेल, तर पिल्लू कितीही स्वस्त मिळो, तो व्यवहार तोट्याचाच. आणि तो तोटा मुशीला जिवानिशी भरावा लागतो.